पांढरीची साक्ष

महसुलाच्या जुन्या परिभाषेत गावच्या जमिनीचे दोन भाग मानीत: काळी आणि पांढरी. काळी म्हणजे नांगराखालची भुई. खानदेशात तर तापी, गिरणा, पांझरा या नद्यांनी युगानुयुगे आणून अंथरलेली, कापसाला आणि ज्वारीला सारखीच मानवणारी ती माती, जिच्यावर या मुलखाची सारी भिस्त आहे. पांढरी म्हणजे गावठाण. जेथे माणसांनी चुली पेटवल्या, भिंती उभारल्या, त्या पावसाने ढासळल्या, त्यांच्याच ढिगाऱ्यावर पुन्हा नव्या घरांचे पाये घातले, आणि राख, शेणमाती, हाडे व खापरे यांचे थरांवर थर साचून भुईचा मूळचा रंगच पालटून गेला, ती जागा. नदीच्या काठाकाठाने चालत गेले, तर ओसाड पडलेल्या अशा पांढरीची टेकाडे आजही दृष्टीस पडतात. कुणबी उन्हाळ्यात तेथली माती गाड्या भरभरून नेतो आणि शेतात पसरतो, कारण तिच्यात खताचा गुण असतो. आणि त्या खणण्यात कधी एखादा मणी, कधी गंजलेले नाणे, कधी तांब्याचा तुकडा कुदळीला लागतो.

असे काही हाती आले, की घरात आणि बाजारात पहिला प्रश्न उठतो तो किमतीचा. ती वस्तू कुणी घडवली, कोणत्या वाटेने आली आणि नेमक्या त्याच जागी का विसावली, हे प्रश्न मागाहून सुचतात. आणि बहुधा तोवर त्यांचे उत्तर देऊ शकणारी माती गाडीतून शेतावर जाऊन पडलेली असते. धातूची वस्तू कितीही देखणी असली, तरी तिची जन्मकथा तिच्या भोवतालची पांढरीच सांगू शकते, ही गोष्ट एका प्रत्यक्ष घडलेल्या हकिगतीच्या आधारे मला वाचकांपुढे ठेवावयाची आहे. हकिगत घडली ती नगर जिल्ह्यात, प्रवरेच्या काठी. परंतु तिचा उलगडा ज्या किल्ल्यांनी झाला, त्यांतील कित्येक आमच्या खानदेशात, तापी आणि गिरणेच्या पांढरीत सापडलेल्या होत्या, आणि म्हणून जळगाव-धुळ्याकडील वाचकांनी ती मुळापासून जाणून घ्यावी, असे मला मनापासून वाटते.

श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेच्या डाव्या तीरावर दायमाबाद या नावाचे एक ओसाड गाव आहे. सन १९७४ मध्ये तेथील पांढरीवर एक भिल्ल शेतकरी एका झुडपाच्या बुंध्याशी खणीत असता मातीखाली धातू लागला, आणि एकामागून एक चार ओतीव शिल्पे उजेडात आली. पहिले शिल्प बैलांच्या रथाचे: सुमारे ४५ सेंटीमीटर लांब आणि १६ सेंटीमीटर रुंद, दोन बैल जुंपलेले, धुरेवर एक लहानसा कुत्रा उभा, आणि मागे रथात १६ सेंटीमीटर उंचीचा सारथी. दुसरे रानम्हशीचे, ३१ सेंटीमीटर उंच, चार चाकांच्या चौथऱ्यावर उभे. तिसरा गेंडा, १९ सेंटीमीटर उंच व २५ सेंटीमीटर लांब, दोन आडव्या दांड्यांवर पाय रोवून उभा राहिलेला, आणि प्रत्येक दांडीखाली आस व दोन भरीव चाके. चौथा हत्ती, २५ सेंटीमीटर उंचीचा. त्याच्या पायांखालचा चौथरा शाबूत, पण आस आणि चाके मात्र गेलेली. आत पोकळी न ठेवता चारही शिल्पे संपूर्ण भरीव ओतलेली आहेत. मोहेंजोदडो येथे सापडलेल्या आणि जगभर गाजलेल्या कांस्य नर्तकीची उंची साडेदहा सेंटीमीटरच भरते, हे ध्यानात घेतले म्हणजे दायमाबादच्या ओतकाऱ्यापाशी किती धातू आणि किती धारिष्ट होते, याची कल्पना येते.

या शोधात कोणतेही यंत्र नव्हते. खणणाऱ्याचे हात होते आणि दैव होते. आज मात्र मेटल डिटेक्टर हे उपकरण जगात सर्वत्र सुलभ झाले आहे. त्याच्या वेटोळ्यातून वाहणारा विद्युत्प्रवाह आपल्याभोवती चुंबकीय क्षेत्र निर्माण करतो, जमिनीतल्या धातूत त्यामुळे प्रवाह उद्भवतो, आणि त्याची चाहूल लागताच यंत्र आवाज देते. त्याचे हे श्रवण मोठे तीक्ष्ण आहे, पण ते केवळ धातूपुरते आहे. खापर, कोळसा, जळका दाणा, कच्च्या विटेची भिंत यांच्यावरून ते मुकाट्याने पुढे जाते. पुढील हकिगत वाचताना ही मर्यादा ध्यानात ठेवावी, कारण दायमाबादच्या चार शिल्पांचे कुळ आणि मूळ ज्यांनी सांगितले, ते साक्षीदार यंत्राला ऐकू न येणाऱ्या याच वस्तू होत्या.

भूमीत सापडलेल्या निधीविषयी आपल्या देशात १८७८ पासून कायदा आहे. दहा रुपयांहून अधिक किमतीचा निधी ज्याला सापडेल, त्याने कलेक्टरकडे लेखी खबर द्यावी, निधी काय आहे आणि तो कोणत्या जागी मिळाला हे त्यात नमूद करावे, मग कलेक्टरने जाहीरनामा काढून हक्कदारांना बोलवावे, असा त्याचा क्रम आहे. जुन्या काळच्या मनाला सोने-रुपे आणि त्याची वाटणी हीच मुख्य बाब वाटत असल्याने या कायद्यातील बराच मजकूर शोधणारा आणि जमीनमालक यांच्या हिश्शांविषयी आहे. तरीही जागेची नोंद करण्याचे त्याने सांगितले, हे त्याचे मोठेच शहाणपण म्हटले पाहिजे. दायमाबादच्या शिल्पांच्या बाबतीत ती जागा ठाऊक होती. नुसती एवढी एक गोष्ट विसरली गेली असती, तर पुढचे काहीच घडू शकले नसते.

परंतु जागा ठाऊक असणे आणि थर ठाऊक असणे यांत फार अंतर आहे. पांढरीचे टेकाड हे एखाद्या दफ्तराच्या रुमालासारखे असते. सर्वांत जुना कागद तळाशी, सर्वांत नवा वर, आणि प्रत्येकाचा अर्थ त्याच्या वरच्या-खालच्या कागदांवरून लागत जाणारा. झुडपाच्या मुळाशी खणून काढलेली शिल्पे म्हणजे रुमालातून मधूनच ओढून काढलेले चार कागद होते. त्यांच्यावर सन नाही, नाव नाही, एकही अक्षर नाही. ती यादवकाळातील आहेत, सातवाहनकाळातील आहेत, की त्याहूनही कितीतरी आधीची, हे ठरवावयाचे कशावरून? सुदैवाने त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्याची तयारी शिल्पे सापडण्यापूर्वी पाव शतक आधी सुरू झालेली होती, आणि तिचा बराच भाग खानदेशात पार पडला होता.

सन १९५०-५१ मध्ये डेक्कन कॉलेजचे डॉ. हसमुख सांकळिया आणि शांताराम भालचंद्र देव यांनी नाशिक आणि संगमनेरजवळील जोर्वे येथे उत्खनन केले. जोर्व्याला तांब्याच्या सपाट कुऱ्हाडी मिळाल्या आणि त्यांच्याबरोबर तांबड्या अंगावर काळ्या रेघांची नक्षी असलेली, भाजणीने खणखणीत झालेली खापरे मिळाली. महाराष्ट्राच्या भूमीवर लोखंड येण्यापूर्वी तांबे आणि दगड यांची हत्यारे एकत्र वापरणारे शेतकरी नांदत होते, ही गोष्ट तेथे प्रथम स्पष्ट झाली. जोर्व्याच्या त्या खापराला पुढे जी किंमत आली, ती एखाद्या सनदेला यावी तशी होती. कारण त्यानंतर जेथे जेथे तसे खापर दिसे, तेथे तेथे त्या लोकांची वस्ती होती असे खात्रीने म्हणता येऊ लागले.

भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे मधुसूदन नरहर देशपांडे यांनी मग गिरणेचा काठ धरला. चाळीसगाव तालुक्यातील बहाळ येथील टेकाडावर त्यांनी १९५२ पासून काम केले, १९५६-५७ मध्ये ते पुन्हा हाती घेतले, आणि पलीकडच्या काठावरील टेकवाड्याला त्याच प्राचीन लोकांची दफने शोधून काढली. तिकडे तापी आणि गोमाई यांच्या संगमावर, प्रकाशे या क्षेत्राच्या ठिकाणी, जेथे आजही भाविकांची रीघ लागते, बालकृष्ण थापर यांनी १९५५ मध्ये खणती चालवली. प्रकाशे तेव्हा पश्चिम खानदेश जिल्ह्यात होते. १९६० नंतर तो धुळे जिल्हा म्हणून ओळखला जाऊ लागला आणि १९९८ मध्ये त्यातून नंदुरबार वेगळा झाला. तेथील थरांत माळव्याकडची खापरे खाली आणि जोर्वे पद्धतीची खापरे त्यांच्यावर, असा क्रम निघाला. यामुळे पहिल्यांदाच काळाची एक शिडी हाती आली: माळवा आधी, जोर्वे नंतर.

सन १९५८ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे बी. पी. बोपर्डीकर यांना प्रवरेच्या पाहणीत दायमाबादचे टेकाड गवसले, आणि त्याच वर्षी देशपांडे यांनी तेथे पहिले उत्खनन केले. पुढच्याच हंगामात, १९५९-६० मध्ये, तापीकाठच्या सावळदा या गावी सर्वेक्षणाने चाचणीदाखल चर खणला. या चरात निघालेली भांडी वेगळीच होती: मंद फिरणाऱ्या चाकावर घडवलेली, जाडसर अंगाची, वरचा मुलामा तडकलेला, आणि त्यावर काळ्या रंगात काढलेली चित्रे अशी की ती पाहताना जणू त्या लोकांचा दिवसभराचा उद्योगच डोळ्यांपुढे यावा. बाणाची टोके, मासे पकडण्याचे गळ, भाले, मोर, मासे, जनावरे. नदीवर जगणाऱ्या माणसाने आपल्या हाताशी असलेल्या वस्तू आपल्याच मडक्यावर रेखून ठेवल्या होत्या. या खापराला गावाच्या नावावरून सावळदा हे नाव मिळाले, आणि त्याच्यामागच्या जीवनपद्धतीला सावळदा संस्कृती. साक्री तालुक्यात, कान नदीच्या काठी, कावठे येथे डेक्कन कॉलेजने पुढे १९८४-८५ मध्ये जे उत्खनन केले, त्यात याच लोकांच्या जमिनीत खड्डा करून वर छप्पर घातलेल्या झोपड्या आणि हाडांची पुष्कळशी हत्यारे मिळाली. तापीच्या खोऱ्यातील हे पहिले गावकरी असे हळूहळू ओळखीचे होत गेले.

त्या ओळखीचे मोल १९७४ नंतर कळून आले. शिल्पांचा बोभाटा होताच सर्वेक्षणाने दायमाबादकडे पुन्हा लक्ष वळवले. योगायोग असा, की बहाळ आणि दायमाबाद या दोन्ही ठिकाणी प्रथम कुदळ घालणारे देशपांडे हेच त्या वेळी सर्वेक्षणाचे महासंचालक होते. १९७४-७५ च्या हंगामात लोथलचे संशोधक शिकारीपुर रंगनाथ राव यांनी खणती केली, आणि १९७५-७६ पासून १९७८-७९ पर्यंत सलग चार हंगाम एस. ए. साळी यांनी ते काम नेटाने तडीस नेले. साळी हे खानदेशाच्या पुरातत्त्वात मुरलेले गृहस्थ. तापीच्या खोऱ्यात पायी हिंडून त्यांनी प्राचीन वस्त्यांचा शोध घेतला होता, आणि चाळीसगाव तालुक्यातील पाटणे येथे शहामृगाच्या अंड्याच्या कवचावर रेघा कोरणाऱ्या अश्मयुगीन माणसाचा माग काढून ते नुकतेच मोकळे झाले होते. अशा माणसाच्या हाती दायमाबाद जावे, हे त्या मुक्या शिल्पांचे भाग्यच होते.

साळींच्या चरांतून जे निघाले, ते पाच संस्कृतींचे एकावर एक रचलेले दफ्तर होते. सर्वांच्या तळाशी सावळदा संस्कृतीची वस्ती, इसवी सनापूर्वी दोन हजार वर्षांच्याही आधीची. म्हणजे ज्या खापराला आपण तापीकाठच्या गावाचे नाव दिले, त्याच खापराचे लोक प्रवरेच्या काठी मातीच्या भिंतींच्या घरांत राहून गहू आणि सातू पिकवीत होते. तिच्यावर उत्तर हडप्पा काळाची वस्ती, म्हणजे सिंधू संस्कृतीची मोठी नगरे उतरणीला लागल्यानंतर ज्या लोकांनी तिचा वारसा दूरदूरच्या मुलखांत नेला, त्यांची. तिच्यावर खास दायमाबादची म्हणून ओळखली गेलेली संस्कृती, नंतर माळवा, आणि सर्वांत वर जोर्वे, जी इसवी सनापूर्वी एक हजाराच्या सुमारास संपली. प्रकाशे येथे जी शिडी दोन पायऱ्यांची होती, ती येथे पाच पायऱ्यांची झाली, आणि तिची सर्वांत खालची पायरी ही आमच्या खानदेशातील होती.

या शिडीतली दुसरी पायरी साऱ्या प्रकरणाचे मर्म ठरली. सिंधू संस्कृती एवढ्या दक्षिणेला, गोदावरीच्या खोऱ्यापर्यंत पोचली होती, असे त्यापूर्वी म्हणता येत नव्हते. परंतु साळींना त्या थरात बारीक पोताची तांबडी चित्रित भांडी मिळाली. बटणासारख्या मातीच्या मुद्रा मिळाल्या, ज्यांच्यावर सिंधू लिपीतील चिन्हे होती. लांबी, रुंदी आणि जाडी यांचे चार, दोन, एक असे प्रमाण राखलेल्या कच्च्या विटा मिळाल्या, जे प्रमाण हडप्पा आणि मोहेंजोदडोच्या गवंड्यांनी प्रमाण म्हणून पाळले होते. आणि अशाच विटांनी बांधून काढलेली एक कबर मिळाली, जिच्यात मृताला उताणे निजवून वर बोरूचे आच्छादन घातलेले होते. माणूस नवीन मुलखात जाताना भाषा विसरतो, पोशाख बदलतो, पण वीट पाडण्याचे माप आणि मेलेल्याला निजवण्याची रीत सहजी सोडीत नाही. त्या विटांनी आणि त्या कबरीने दिलेली जबानी म्हणूनच फार भक्कम आहे.

शिल्पांच्या जागेभोवतीच्या थरांची छाननी करून साळींनी ती याच उत्तर हडप्पा काळाची असल्याचे मत मांडले, आणि शिल्पांकडे या दृष्टीने पाहू लागताच त्यांच्यातील खुणाही बोलू लागल्या. प्रवरेच्या काठी राहणाऱ्या कारागिराने गेंडा निवडला, ही गोष्ट साधी नाही. परंतु सिंधूच्या मुद्रांवर गेंडा, हत्ती आणि रानम्हैस पुनःपुन्हा येतात, आणि मोहेंजोदडोच्या ज्या प्रसिद्ध मुद्रेवर योगासनात बसलेली शिंगांची देवता आहे, तिच्याभोवती वाघाखेरीज हेच तीन पशू उभे आहेत. आरे नसलेली भरीव चाके हीही सिंधूकडील मातीच्या खेळण्यातल्या गाड्यांची जुनी ओळख. मेणाचा साचा करून त्यावर माती लिंपावयाची, मेण वितळवून टाकावयाचे आणि त्या पोकळीत धातू ओतावयाचा, ही विद्या नर्तकीच्या ओतकाऱ्याला अवगत होतीच. पशूंच्या पायांखाली चाके आहेत, त्यावरून ती एखाद्या उत्सवात ओढून नेण्यासाठी केलेली असावीत, असा अंदाज अभ्यासकांनी केला आहे. आणि पोळ्याला मातीचे बैल पुजणाऱ्या आपल्या लोकांना त्या अंदाजात काही अशक्य वाटू नये.

या निर्णयाला हरकत घेतली गेली नाही, असे मात्र नाही. धातूचे पृथक्करण करता त्यात सोमलाचे, म्हणजे आर्सेनिकचे, प्रमाण शेकडा एकाहून अधिक आढळले, आणि महाराष्ट्रातील ताम्रपाषाणकालीन इतर वस्तूंत तसे मिश्रण दिसत नाही, म्हणून डी. पी. अग्रवाल यांच्यासारख्या जाणकारांनी शंका उपस्थित केली. ती शंका विद्वानांच्या सभेत चालू राहो. ज्याच्या आधारे ती घेतली गेली, तो आधारही शेवटी शेजारच्या थरांतील वस्तूंशी केलेल्या तुलनेचाच आहे, एवढे सामान्य वाचकाने लक्षात घेतले म्हणजे पुरे. वाद घालावयाचा तरीही पांढरी शाबूत असावी लागते.

आता हा धातू आणि ही कला प्रवरेपर्यंत आली कशी, हे पाहू. दख्खनचा काळा खडक लाव्हापासून झालेला. त्याच्या पोटात तांब्याच्या खाणी नाहीत. राजस्थानात अरवलीच्या रांगांत, खेत्रीच्या परिसरात, मात्र तांबे प्राचीन काळापासून काढले जात होते, आणि गुजरातेत सिंधू संस्कृतीच्या लोकांनी लोथलसारखी व्यापारी ठाणी वसवली होती. त्यांच्या वस्त्या दक्षिणेकडे सरकत नर्मदा ओलांडून भगतरावपर्यंत आणि पुढे तापीच्या मुखाजवळील मालवणपर्यंत आल्या. तापीच्या मुखाशी उभे राहून पूर्वेकडे तोंड केले, की नैसर्गिक वाट एकच: नदीच्या खोऱ्याने वर, सातपुडा डाव्या हाताला ठेवून, खानदेशाच्या सपाटीत. तेथे गोमाईच्या संगमावर प्रकाशे, त्याच पट्ट्यात सावळदा. पुढे गिरणेचे खोरे धरून दक्षिणेकडे वळले, की बहाळ. आणि चाळीसगावच्या मागची सातमाळ्याची रांग घाटाने ओलांडली, की गोदावरीचा मुलूख. आजचे महामार्ग आणि लोहमार्ग याच भूगोलाला अनुसरतात. उत्तरेकडून दख्खनेत येणारी सैन्ये, सार्थवाह आणि यात्रेकरू याच पटांगणातून गेले, आणि बऱ्हाणपूर, थाळनेर यांसारखी ठाणी या वाटेवर भरभराटीला आली, ती उगीच नव्हे. माळव्याची खापरे प्रकाशे येथे जोर्व्याच्या खाली सापडावीत, सावळद्याची प्रवरेच्या तळाशी सापडावीत, हा सारा या दळणवळणाचा हिशेब आहे. खानदेश ही दख्खनची देवडी; आत येणाऱ्या प्रत्येकाच्या पायांची धूळ तिच्या उंबऱ्यावर थोडी तरी पडलेली आहेच.

या शोधाचे परिणाम मोठे झाले. महाराष्ट्राचा इतिहास सातवाहनांपासून किंवा फार तर अशोकाच्या लेखांपासून मोजण्याची जी सवय होती, ती मोडली. या भूमीवरील गावांची परंपरा चार हजार वर्षांपलीकडे गेली, आणि तिचा सांधा सिंधूच्या नगरांशी जुळला. साळींचा विस्तृत अहवाल १९८६ मध्ये सर्वेक्षणाने प्रसिद्ध केला. शिल्पे राष्ट्राची ठेव म्हणून संग्रहालयाच्या संरक्षणात गेली. आणि ज्या भिल्ल समाजाला इतिहासाच्या पुस्तकांत बहुधा बंडखोर म्हणूनच जागा मिळाली, त्या समाजातील एका कष्टकऱ्याच्या हातून या प्राचीन कलेचा सर्वश्रेष्ठ ठेवा जगापुढे आला, याचीही कृतज्ञतेने नोंद झाली पाहिजे.

हीच गोष्ट उलट दिशेने कशी घडू शकते, याचा दाखला जर्मनीत आहे. सन १९९९ च्या उन्हाळ्यात नेब्रा या गावाजवळील एका टेकडीवर दोघा इसमांनी परवान्याविना मेटल डिटेक्टर फिरवला, आणि त्यांना सूर्य, चंद्रकोर व तारे सोन्याने जडवलेली, सुमारे ३२ सेंटीमीटर व्यासाची एक कांस्य तबकडी आणि तिच्याबरोबर तलवारी, कुऱ्हाडी व कडी मिळाली. घाईने उपसताना तबकडीला इजा झाली. जागा झाकून माल लगोलग विकला गेला, आणि पुढे तो हस्ते परहस्ते फिरत राहिला. सन २००२ मध्ये स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे पोलिसांनी सापळा रचून तो हस्तगत केला. परंतु तबकडी हाती आली, तरी ती खरी की बनावट, आणि खरी असेल तर कुठली, हे कोण सांगणार? गुन्हेगारांच्या कबुलीवरून संशोधक त्या टेकडीवर गेले. तेथील मातीची आणि वस्तूंना चिकटलेल्या मातीची तुलना झाली, धातूचे पृथक्करण झाले. आणि तांबे ऑस्ट्रियातील आल्प्सच्या खाणीतले, तर सोने इंग्लंडच्या कॉर्नवॉल प्रांतातले, असा निष्कर्ष निघाला. एका तबकडीमागे पसरलेला खंडव्यापी व्यापार असा उजेडात आला, आणि ती त्याच टेकडीवरची, हे ठरले ते चिमूटभर माती तिला चिकटून राहिली होती म्हणून. यंत्राने धातू शोधून दिला होता. त्याचे गोत्र मात्र मातीने सांगितले.

इंग्लंडने या बाबतीत निराळी वाट धरली. तेथे हे यंत्र घेऊन शेते धुंडाळण्याचा छंद हजारोंना आहे. म्हणून १९९६ च्या कायद्याने निधीची खबर देणे बंधनकारक केले आणि १९९७ पासून इतर लहानसहान वस्तूंचीही जागेसह नोंद करण्याची योजना सुरू झाली. आपल्याकडे प्राचीन स्थळांच्या रक्षणासाठी १९५८ चा कायदा आहे, संरक्षित स्थळी परवान्याविना खणता येत नाही. आणि १९७२ मध्ये झालेल्या व १९७६ च्या एप्रिलपासून अमलात आलेल्या कायद्याने शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंच्या व्यापारावर आणि निर्यातीवर निर्बंध घातले आहेत. कायद्याचा हा पहारा आवश्यकच आहे. परंतु तापीच्या दोन्ही काठांवरील प्रत्येक टेकाडापाशी शिपाई उभा करता येत नाही. तेथे गावच पहारेकरी व्हावा लागतो.

धुळ्याला या विषयाचा एक थोर वारसा आहे. इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी गावोगाव पायपीट करून जुन्या घराण्यांची दफ्तरे धुंडाळली, आणि १९२६ च्या अखेरीस याच शहरात देह ठेवला. त्यांच्या नावाने लगेच पुढल्या वर्षी येथे संशोधन मंडळ उभे राहिले. मराठ्यांच्या इतिहासाची साधने छापताना त्यांनी महाराष्ट्राला हे शिकवले, की माळ्यावरच्या धुळीत पडलेला पोटखर्चाचा ताळेबंदसुद्धा राजाच्या फर्मानाइतकाच जपला पाहिजे, कारण फर्मान राजाची इच्छा सांगते आणि ताळेबंद रयतेचे जगणे सांगतो. तो धडा कागदांच्या बाबतीत आपण बराचसा गिरवला. पांढरीच्या बाबतीत तो अजून गिरवायचा आहे. खापर हा पांढरीतला ताळेबंद आहे. तांब्याचा हत्ती हे तिथले फर्मान.

म्हणून माझे मागणे अगदी लहान आहे. ज्याच्या शेतात किंवा गावच्या टेकाडावर असे काही निघेल, त्याने ते पुसून-घासून लख्ख करू नये, त्याच्या अंगची माती झाडू नये, आणि तो खड्डा आणखी खोल करू नये. खड्ड्याशी एक खूण पुरावी, कोणत्या गटात, नदीपासून किती पावलांवर, किती हात खोल, हे पाटीवर का होईना लिहून ठेवावे, आणि तलाठ्याला व तहसील कचेरीत वर्दी द्यावी. शेजारी पडलेली खापरे, कोळसा, हाडे असतील तशी राहू द्यावीत. खताला माती हवी असेल, तर टेकाडाखेरीज अन्यत्र ती मिळते. पण टेकाड एकदा नाहीसे झाले, की ते पुन्हा रचता येत नाही.

दायमाबादचा तो हत्ती काचेआड पाहणाऱ्याच्या मनात त्याच्या सामर्थ्याविषयी आदर उत्पन्न झाल्यावाचून राहत नाही. परंतु खानदेशातील माणसाने त्याच्यापुढे उभे राहताना सावळद्याच्या मडक्यावरचा तो लहानसा गळही आठवावा, जो तापीत मासे धरणाऱ्या कुणा अनामिकाने काळ्या रंगाच्या दोन फटकाऱ्यांत काढला होता. त्या मडक्याचा चुरा एके दिवशी चाळणीत सापडला, कुणी तो फेकला नाही, त्याच्यावर आकडा घालून तो पेटीत ठेवला. आणि वर्षांनंतर प्रवरेच्या तळच्या थरात जेव्हा त्याचाच भाऊबंद निघाला, तेव्हा वरचे सारे थर ओळीने आपापल्या जागी बसले आणि त्या हत्तीला त्याचे वय मिळाले.